मोडीच्या भावापलीकडे : जुन्या वस्तू पाहण्याची आणि पारखण्याची रीत

जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळणारा आनंद हा मुख्यतः ओळख पटण्याचा आनंद असतो. समोरचा पितळी डबा कशासाठी वापरीत, तो कोणत्या पद्धतीने घडवला, कोणाच्या घरात नांदला आणि तेथून दुकानात कसा आला, या प्रश्नांची उत्तरे त्याच्या अंगावरच्या खुणांतून उलगडू लागली की पाहणाऱ्याला जे समाधान लाभते ते खरेदीवर अवलंबून नसते. मात्र ही नजर अभ्यासाने तयार करावी लागते. ती नसेल तर दुकान म्हणजे धुळीने माखलेला पसारा वाटतो आणि नकली माल डोळ्यांदेखत गळ्यात पडतो. आदिलाबाद शहराला लागून, नागपूर–हैदराबाद महामार्गावर वसलेल्या मावल्यातील मराठी वाचकाला ही नजर कशी कमावता येईल, काय पाहावे, काय टाळावे आणि कायद्याची मर्यादा कोठे आहे, याचे विवेचन येथे केले आहे. त्यामागील मुख्य आग्रह एवढाच की, जुन्या वस्तूचे निम्मे मोल तिच्या हकिगतीत असते आणि ती हकिगत वस्तूपासून तुटू न देणे हे पाहणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

मावल्याच्या आसपास जुनी वस्तू कोठे भेटते

मोठ्या शहरांत असतात तशा जुन्या वस्तूंच्या सजवलेल्या दालनांची वाट येथे पाहू नये. या भागात जुनी वस्तू बहुधा मोड म्हणून घराबाहेर पडते, म्हणजे वितळवून पुन्हा वापरण्याचा धातू म्हणून वजनावर विकली जाते. लग्नसराईत किंवा दिवाळीच्या तोंडावर स्टीलची भांडी घेताना घरातील घागरी, तपेली, तस्त, समया दुकानदाराला देऊन तेवढी रक्कम वळती करून घेण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे भांड्यांच्या दुकानाचा मागचा कोपरा, भंगारवाल्याचे गोदाम, सराफाकडची चांदीची मोड, आठवडी बाजारातील जुन्या लोखंडाची पथारी आणि जुने सागवान विकणारी वखार हीच पाहणाऱ्याची खरी ठिकाणे ठरतात. येथे वस्तूचा मुक्काम थोडे दिवसच असतो, कारण पुढची पायरी भट्टीची असते.

या परिसराचा इतिहास ध्यानात घेतला तर येथे काय मिळू शकते याचा अंदाज बांधता येतो. आदिलाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्यातील किनवट आणि राजुरा हे मराठीभाषक तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, जो २०१४ पासून तेलंगणात आहे. एकाच जिल्ह्यातील घरे अशी दोन राज्यांत विभागली गेली असली तरी त्यांच्या माळ्यांवरील सामान एकाच जगाचे आहे : मराठी घरातील पळी-पंचपात्री, करंडा, अडकित्ता आणि पंचपाळे, संस्थानी काळातील नाणी आणि मुद्रांकाचे कागद, बिदरचे पानदान, निर्मळच्या कारागिरांची रंगवलेली लाकडी चित्रे आणि गोंड परिसरातील वोज कारागिरांचे ओतीव पितळकाम.

जवळच्या मोठ्या शहरांचा प्रवास घडला तर पाहण्याची कक्षा वाढवता येते. हैदराबादेत आबिड्सच्या पदपथांवर रविवारी जुनी पुस्तके मांडली जातात. पुण्यातील जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईतील चोर बाजारात, विशेषतः मटन स्ट्रीटवर, जुनी घड्याळे, दिवे, चित्रपटांची भित्तिपत्रके आणि चिनी मातीची भांडी विकणारी दुकाने ओळीने आहेत. अशा बाजारात सकाळी लवकर जावे, आधी एक फेरी काहीही हातात न घेता मारावी आणि दुसऱ्या फेरीत मनात राहिलेल्या वस्तूंपाशीच थांबावे.

नजर कोठे तयार करावी

दुकानात जाण्यापूर्वी संग्रहालयात जावे, कारण तेथील वस्तूची ओळख जाणकारांनी निश्चित केलेली असते आणि अस्सल काम एकदा नीट पाहिले की नकली कामातील उणीव डोळ्यांना खुपू लागते. या दृष्टीने पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाइतके उपयुक्त ठिकाण मराठी वाचकासाठी दुसरे नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून दिवे, दौती, कुलपे, अडकित्ते, वजऱ्या, करंडे, वाद्ये आणि कोरीव दरवाजे अशा सुमारे २०,००० वस्तू जमवल्या, अकाली निधन पावलेल्या आपल्या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले आणि हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सिंहासने आणि रत्ने यांच्याऐवजी त्यांनी घरातील रोजच्या वापराच्या वस्तू निवडल्या. वजरी म्हणजे पायाच्या टाचा घासण्याचे साधन. तिच्या पाठीवर मोर, हत्ती किंवा घोडेस्वार ओतण्याइतका जीव कारागिराने लावला होता, हे तेथे पाहिलेला माणूस भंगाराच्या ढिगातील वजरी कधीही ओलांडून जाणार नाही.

हैदराबादचे सालारजंग संग्रहालय १९५१ मध्ये सुरू झाले. त्याचा गाभा असलेला मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग (१८८९–१९४९) यांचा संग्रह सरंजामी थाटाचा असला, तरी बिदरी काम, शस्त्रे, हस्तलिखिते आणि घड्याळे यांची ओळख करून घेण्यास तो उत्तम आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला लोक अजब बंगला म्हणतात, तेही मावल्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे.

वस्तू वाचण्याची रीत

सोबत एक भिंग, लहान लोहचुंबक, मोजपट्टी, विजेरी, सुती फडके आणि नोंदवही ठेवावी. वस्तू उचलण्यापूर्वी दुकानदाराची परवानगी घ्यावी, ती दोन्ही हातांनी बुडापासून धरावी, आणि दर्शनी बाजूपेक्षा तळ, आतली बाजू आणि सांधे आधी पाहावेत. कारण नक्कल करणारा आपले श्रम पुढच्या बाजूवर खर्च करतो.

पितळी घागर हे सरावासाठी चांगले उदाहरण आहे. हाताने घडवलेल्या जुन्या घागरीचा गळा, पोट आणि बूड वेगवेगळ्या पत्र्यांचे असून ते तापवून सांधलेले असतात. उजेडात तिरपे धरले असता सांध्याची फिकट, पुष्कळदा दातेरी रेघ दिसते आणि पोटावर हातोडीच्या ठोक्यांची बारीक, किंचित अनियमित ओळ जाणवते. अशा ठोक्यांनी पत्र्याला मजबुती आणि चकाकी आणण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात, आणि पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी त्यासाठी प्रसिद्ध आहे. यंत्रावर दाबून केलेल्या भांड्यात सांधा नसतो, पत्रा सर्वत्र सारख्या जाडीचा असतो आणि आत समकेंद्री वर्तुळे उमटलेली असतात. त्यानंतर काठाखाली घातलेले नाव शोधावे. जुन्या पद्धतीत छिन्नीच्या टोकाने एकेक ठिपका ठोकून अक्षर काढीत, तर विजेच्या यंत्राने काढलेले अक्षर सलग आणि किंचित थरथरलेल्या रेघेचे असते. या भागात ते नाव मराठी, तेलुगू किंवा उर्दू असू शकते. कधी गावाचे नाव, कधी लग्नातील आहेराचा उल्लेख आणि तिथी असते. ज्या घागरीवर असे नाव आहे तिची हकिगत तिच्या अंगावरच लिहिलेली आहे, आणि म्हणून घासून चकचकीत केलेल्या पण नाव पुसट झालेल्या घागरीपेक्षा ती अधिक मोलाची समजावी.

झीज हा दुसरा विश्वासू साक्षीदार आहे. खऱ्या वापराची झीज जेथे हात लागतो तेथेच होते : अडकित्त्याच्या दांड्या आतून गुळगुळीत होतात, समईचा तळ कडेला झिजतो, डब्याची बिजागरी सैल होते, पण नक्षीच्या खोबणीत काळसर थर राहतो. जी वस्तू सगळीकडे सारखीच काळवंडलेली आहे, किंवा जिच्यावरचा हिरवट थर ओलसर फडक्याला सहज लागतो, तिला रसायनाने म्हातारपण आणले असण्याची शक्यता धरावी. पितळ, तांबे आणि कासे लोहचुंबकाला चिकटत नाहीत. चिकटल्यास आत लोखंड असून वर मुलामा आहे असे समजावे. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाचे कासे बोटाने हलकेच वाजवल्यास दीर्घकाळ निनादते, तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाचे पितळ लवकर थांबते. जर्मन सिल्वर या नावाने विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या धातूत चांदी मुळीच नसते. तो तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू असतो.

बिदरी काम म्हणजे जस्ताचे प्रमाण खूप अधिक असलेल्या मिश्रधातूवर चांदीची तार किंवा पत्रा जडवून, नंतर बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या द्रावाने केवळ मूळ धातू काळा करण्याची कला. या प्रक्रियेत चांदीवर परिणाम होत नाही, म्हणून काळ्या भूमीवर पांढरी नक्षी उठते. अस्सल कामात चांदी पृष्ठभागाच्या आत बसवलेली असल्याने नख फिरवले तरी कड फारशी जाणवत नाही; रंगाने काढलेल्या नकलेत ती वर उचललेली लागते. ओतीव पितळाच्या ढोकरा कामाची ओळख वेगळी आहे. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील उशेगावसारख्या गावांतील वोज कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून आकृती रचतात, त्यावर मातीचा लेप देऊन साचा तापवतात, मेण वितळून गेलेल्या पोकळीत पितळ ओततात आणि शेवटी साचा फोडतात. म्हणून कोणतीही दोन अस्सल कामे तंतोतंत एकसारखी नसतात आणि अंगावर मेणाच्या धाग्यांची वेटोळी स्पष्ट दिसतात. या कामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ढोकऱ्याची कला आजही जिवंत असल्यामुळे नवे काम जुने म्हणून महाग घेण्यापेक्षा ते नवे म्हणून कारागिराकडूनच घ्यावे. त्यात खरेदीदाराचे समाधान आणि कलेचे पोषण दोन्ही साधतात.

जुन्या चित्रांत राजा रविवर्मा यांच्या छापील तसबिरींना मोठी मागणी असते. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या काळच्या शिळाछापात रंगांचे ठिपके भिंगाखाली अनियमित, हाताने टाकल्यासारखे दिसतात, तर आधुनिक छपाईत निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा हे चार रंग जाळीसारख्या नियमित रचनेत बसलेले आढळतात. एवढी एक तपासणी शेकडो रुपयांचे नुकसान टाळू शकते.

संस्थानी नाणी आणि कागद

हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे चलन होते आणि ते हाली शिक्का या नावाने ओळखले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी पाडलेल्या रुपयावर चारमिनारचे चित्र आले. त्याच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते : ‘मीम’ असेल तर नाणे मीर महबूब अली खान यांच्या काळातील, म्हणजे १९११ पर्यंतचे, आणि ‘ऐन’ असेल तर मीर उस्मान अली खान यांच्या काळातील. नाण्यावरील वर्ष हिजरी असते आणि आकडे फारसी वळणाचे असतात; त्यात शून्य टिंबाने दाखवतात आणि पाचाचा आकडा गोलासारखा असतो, त्यामुळे देवनागरी वाचणारा पाचाला शून्य समजून फसतो. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो. १३४३ हिजरी म्हणजे सुमारे १९२४–२५. चारमिनारच्या चांदीच्या रुपयाचे प्रमाणित वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदीचा अंश सुमारे ८२ टक्के, तर १९४० पूर्वीच्या ब्रिटिश रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि अंश सुमारे ९२ टक्के असे. म्हणून सराफाच्या काट्यावर केलेले वजन ही पहिली कसोटी ठरते.

संस्थानातील मुद्रांक आणि महसुली कागदांवर पुष्कळदा फसली वर्ष असते. फसली म्हणजे पिकांच्या हंगामावर आधारलेली महसुली कालगणना. या वर्षात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. मोडी लिपीतील कागद, कापडी रुमालात बांधलेली दप्तरे किंवा पोथ्या हाती आल्यास त्यांना शोभेच्या चौकटीसाठी फाडू नये. १९१० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था अशा कागदांसाठीच आहेत, आणि गठ्ठ्यातून एक कागद निघाला तरी बाकीच्यांचा संदर्भ तुटतो.

फसवणुकीचे ठराविक प्रकार

हनुमान, रामदरबार किंवा लक्ष्मी यांची चित्रे आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी’ अशी अक्षरे असलेली, १६१६, १७१७ किंवा १८१८ ही वर्षे मिरवणारी तांब्याची नाणी बाजारात सर्रास दाखवली जातात. ती पुढील काळात केलेल्या पदकांसारखी असून कंपनीचे चलन नव्हेत. चकचकीत पितळी कर्णा आणि नवी लाकडी पेटी असलेले ग्रामोफोन बहुतांशी जुन्या भागांची आणि नव्या सामानाची जुळवाजुळव असते. सर्वांत घातक प्रकार ‘राइस पुलर’ या नावाने चालतो : तांदूळ ओढून घेणारे, वीज पडल्याने दैवी शक्ती आलेले तांब्याचे भांडे कोट्यवधींना विकले जाईल, असे सांगून आधी तपासणीचे पैसे उकळले जातात. असा धातू अस्तित्वात नाही आणि असे सांगणारा माणूस फसवणूक करतो आहे, यात शंका बाळगू नये. थेट पोलिसांना कळवावे.

कायद्याची चौकट

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ मध्ये झाला आणि १९७६ मध्ये लागू झाला. त्याच्या व्याख्येनुसार किमान १०० वर्षे जुनी कलाकृती किंवा ऐतिहासिक वस्तू, तसेच किमान ७५ वर्षे जुने महत्त्वाचे हस्तलिखित किंवा दस्तऐवज ही पुरावस्तू होय. मूर्ती, चित्रे आणि चित्रमय हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते, विक्रेत्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील मुलाबाळांसाठी आजीची समई पाठवणाऱ्यांनी ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावे. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना काही सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. हस्तिदंत, वाघनखे, कातडी आणि सांबराची शिंगे यांची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. कवाल व्याघ्र प्रकल्पाच्या या जिल्ह्यात ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तलवारी आणि बंदुकांबाबत पोलीस ठाण्यात विचारल्याशिवाय व्यवहार करू नये.

कायद्याइतकीच विवेकाची मर्यादाही पाळावी. देवळातून निघालेली मूर्ती कितीही सुंदर असली तरी घेऊ नये, कारण अशा मागणीनेच चोरी पोसली जाते. केसलापूरच्या नागोबाची जत्रा आणि दंडारीचा उत्सव ज्या समाजात आजही जागता आहे, त्या गोंड कुटुंबांची पूजेची साधने, वाद्ये आणि मोरपिसांचे मुकुट ही शोभेची वस्तू नव्हे. ती ज्यांची आहेत त्यांच्याकडेच राहावीत.

विचारपूस, भाव आणि जपणूक

दुकानदाराशी बोलताना पहिला प्रश्न किमतीचा नसावा. वस्तू कोणत्या गावाहून आली, सोबत आणखी काय आले होते, हे आधी विचारावे. ‘ही वस्तू कोणत्या बाजूची?’ एवढ्या साध्या प्रश्नावर अनुभवी दुकानदार मनमोकळेपणाने बोलू लागतो. मोडीचा त्या दिवशीचा भाव ठाऊक असावा, म्हणजे धातूचे मोल किती आणि कारागिरीचे किती हे वेगळे करता येते. घासाघीस जरूर करावी, पण एखादी वृद्ध स्त्री गरजेपोटी थेट घरातील वस्तू विकत असेल तर तिचे खरे मोल तिला सांगून मगच व्यवहार करावा. अज्ञानातून मिळवलेला सौदा संग्रहाला शोभत नाही. पावती घ्यावी आणि त्यावर वस्तूचे वर्णन लिहून घ्यावे.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस काहीच करू नये. चिंच, लिंबू किंवा पावडरीने घासल्यास वर्षानुवर्षांचा थर आणि पुसट अक्षरे एकदमच जातात. नाणी कधीच घासू नयेत. बिदरीला केवळ तेलाचा हलका हात द्यावा, कारण पॉलिशने तिचा काळा रंग उतरतो. कागदांना चिकटपट्टी लावू नये आणि त्यांचे लॅमिनेशन करू नये. जुने रेशीम धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून, दर काही महिन्यांनी घडी बदलून ठेवावे. लाकडाखाली ताजी पिवळसर भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे असे समजून ती वस्तू इतरांपासून वेगळी ठेवावी.

यापुढचे काम नोंदवहीचे आहे. प्रत्येक वस्तूसाठी एक पान राखावे आणि त्यावर तिचे स्थानिक नाव, माप, वजन, धातू, अंगावरील अक्षरे, मिळण्याचे ठिकाण व तारीख, आणि विकणाऱ्याने सांगितलेली हकिगत जशीच्या तशी लिहावी. आरंभ बाजारातून करण्याचीही गरज नाही. घरातील मापटे आणि पायली यांचा व्यवहार दशमान मापे आल्यावर संपला. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली हे कोष्टक ज्यांना तोंडपाठ आहे अशी माणसे अजून घरोघरी आहेत. त्यांना शेजारी बसवून माळ्यावरील एकेक वस्तू खाली काढावी, तिचे नाव व उपयोग विचारावा आणि लिहून घ्यावे. भट्टीत गेलेले पितळ पुन्हा भांड्याच्या रूपाने परत येते, पण त्याच्यावरचे नाव आणि त्या नावामागचे घर परत येत नाही. म्हणून एखादी वस्तू मोडीत द्यावीच लागली, तरी तिची नोंद आणि छायाचित्र केल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये.